रंगाआधीची पानं

अण्णांनी आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आणि अशा माणसाला एक खोड लागतेच. तो कुणाच्याही घरी गेला की आधी कोपऱ्यात बघतो, चहा नंतर. अण्णांची नजर छताच्या कडेला, खिडकीच्या चौकटीखाली, कपाटामागे फिरून यायची आणि मग ते यजमानाच्या तोंडावर सांगायचे, ‘‘इथे ओल आहे. वरून रंग फासलाय.’’ त्यानंतर घरी येईपर्यंत आई त्यांच्याशी बोलत नसे. पुढे छातीने दगा दिला. रंगाचा वास म्हणजे तुम्हाला विष, असं सांगून डॉक्टरांनी त्यांच्या हातातला ब्रश सोडवला. ब्रश सुटला, खोड काही सुटली नाही.

आणि अशा माणसाची धाकटी लेक खिडकी नसलेल्या इमारतीत भाजी पिकवायला लागली. तिला घरात छोटी म्हणत. कानामागे केस पांढरे व्हायला लागले तरी ती छोटीच राहिली, कारण एकदा चिकटलेलं नाव गोंदणासारखं असतं, निघत नाही. शहराच्या कडेला कापडाचं एक जुनं गोदाम होतं. ते एका कंपनीने घेतलं, आत जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या उभ्या केल्या. मांडण्यांवर पन्हाळी, पन्हाळींतून वाहणारं खताचं पाणी, त्यात मुळं सोडून बसलेली पालेभाजीची रोपं, आणि प्रत्येक मजल्यावर त्यांच्या डोक्याशी दिव्यांच्या पट्ट्या. माती नाही, ऊन नाही, पाऊस नाही. या सगळ्या रोपांची जबाबदारी छोटीवर होती. कुठल्या मजल्याला उजेड वाढवायचा, कुठल्या पानाची कड का करपली, पाण्यात काय कमी पडलं, हे सगळं तिने बघायचं. काम तिला मनापासून आवडत होतं.

अण्णा त्याला ‘दवाखान्यातली भाजी’ म्हणत. ‘‘काय गं, पेशंट कसे आहेत? सलाईन नीट चालू आहे ना?’’ फोन केला की पहिलं वाक्य हेच. छोटी हसायची, पण तिला ते लागायचं. बाहेरच्या कुणी कितीही कौतुक केलं तरी तिचं मन भरत नव्हतं. अण्णांनी एकदा आत यावं, नेहमीसारखं कोपऱ्याकोपऱ्यात बघावं, आणि काम स्वच्छ आहे म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आपल्या बापाने आपल्याला चांगल्या ठिकाणी बघावं, यात जास्तीचं काय मागितलं तिने?

खरं तर ती संधी चालून आली होती. गोदाम तयार झालं, रोपं अजून लागायची होती, तेव्हा कंपनीने एक दिवस सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. मोडता घातला तो छोटीनेच. ‘‘रिकाम्या मांडण्या काय बघता अण्णा? पानं धरू देत, मग या.’’ पानं धरली तोवर दारं बंद झाली होती. बाहेरच्या माणसाच्या कपड्यावरून एखादी कीड आत गेली तर सगळ्या मजल्यांवरची रोपं जातात, म्हणून आत फक्त कामाची माणसं, तीही कपडे आणि चपला बदलून. खोकणाऱ्या माणसाला तर दाराशीही उभं करत नसत. छोटी साहेबांकडे जाऊन बसली. साहेबांनी चहा दिला, परवानगी दिली नाही. अण्णा म्हणाले, ‘‘मला काय करायचंय दवाखान्यात येऊन?’’ आणि विषय मिटला. छोटीच्या मनात तो मिटला नाही. हातात आलेला दिवस तिने आपल्या हाताने परत केला होता.

अण्णांचं सोडा, सगळं गावच त्या गोदामाबद्दल वाटेल ते बोलत होतं. तिथली पानं प्लास्टिकची असतात, माती न लागलेली भाजी अंगी लागत नाही, रात्री तिथल्या दाराच्या फटींतून जांभळा उजेड बाहेर येतो म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहेच. जो तो उंटावरून शेळ्या हाकत होता. शेवटी कंपनीने ठरवलं, लोकांना आत आणता येत नाही ना, मग आतलं सगळं लोकांकडे न्यायचं. डोळ्यांवर चढवायचा एक मोठा चष्मा असतो, डबाच म्हणा ना. तो घातला की माणूस वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये खुर्चीजवळ उभा असतो, आणि त्याला दिसतं मात्र गोदाम. मान वळवली की मांडणी सरकते, हात पुढे केला की पान हलतं, खाली वाकलं की मुळापर्यंत पाणी कसं पोचतं ते दिसतं. हे सगळं तयार करायला एक बोलका, हसरा माणूस आला. गोदामातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं, आणि रोपांचं काय ते सांगायला छोटीला त्याच्या जोडीला दिलं.

चष्मेवाल्याची कामाची एक रीत होती. आधी मापं, रंग सर्वांत शेवटी. म्हणजे सुरुवातीला तो सगळं राखाडी उभं करायचा. भिंती राखाडी, मांडण्या राखाडी, रोपं राखाडी, आणि मांडण्यांमधून फिरणारी माणसंही राखाडी, चेहरे नसलेली. आवाज अजिबात नाही. चालताना कुणाला चक्कर येते का, हात मांडणीपर्यंत पोचतो का, एवढंच त्यात तपासायचं. छोटीने ते पहिल्यांदा बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

‘‘अहो, हे काय? सगळीकडे राख सांडल्यासारखं दिसतंय.’’

‘‘ताई, हा नुसता सांगाडा आहे,’’ चष्मेवाला म्हणाला. ‘‘नवरी नटायच्या आधी बघू नये म्हणतात ते यासाठीच.’’

मग रंगाचं काम सुरू झालं आणि छोटीने त्याला सळो की पळो करून सोडलं. पानाची कड अशी दुमडत नाही, देठाजवळचा रंग फिका हवा, कोवळं पान असं सरळ उभं राहत नाही. दर आठवड्याला ती सगळं परत पाठवायची. ‘‘ताई, लोक पाच मिनिटं बघणार. पानाच्या शिरा कोण मोजणार आहे?’’ तो काकुळतीला येऊन म्हणायचा. ‘‘माझे अण्णा मोजतील,’’ छोटी म्हणायची आणि दुसरं पान काढायची.

इकडे घरी अण्णा विचारत होते, ‘‘मग कधी दाखवतेस तुझा दवाखाना?’’ छोटी म्हणायची, ‘‘पूर्ण होऊ दे अण्णा. पी हळद नि हो गोरी, असं नसतं.’’ त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. गोदामाच्या वेळी तिने हेच केलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि तरी तिच्या ते लक्षात आलं नाही. पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हिने पुन्हा दूधच तोंडाला लावलं.

मग अण्णा एकाएकी बदलले. फोनवर पेशंट नाहीत, सलाईन नाही. ‘‘जेवलीस का? मधूनमधून बाहेर येतेस ना? जरा उन्हात बसत जा,’’ असं काहीतरी मऊ बोलू लागले. छोटी गोदामाजवळ खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला घरी यायची. एका सुट्टीला त्यांनी तिला पिवळाधमक स्कार्फ दिला. उभ्या जन्मात त्यांनी कुणासाठी कापड आणलं नव्हतं, साधा रुमालसुद्धा आईच आणायची. ‘‘रंगीत घालत जा काहीतरी,’’ म्हणाले. निघताना दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, ‘‘नाही सोसलं तर सोड गं. मी काही म्हणणार नाही.’’

‘‘यांना उशिरा का होईना शहाणपण आलं,’’ आई म्हणाली. छोटीलाही तसंच वाटलं. वाटलं, वयाने माणूस निवळतो. तो स्कार्फ गळ्यात घालून ती आनंदात परत गेली. तो आनंद नंतर तिला कितीतरी दिवस टोचत राहिला.

हॉलमध्ये काम करताना तिने चष्मेवाल्याला सहज सांगितलं, की आमचे अण्णा हल्ली किती बदललेत.

‘‘अण्णा ना? येऊन गेले की ते,’’ तो वायर गुंडाळत म्हणाला. ‘‘इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. म्हणाले, मी छोटीचा बाप, लेकीचं काम बघायचंय.’’

‘‘कधी?’’

‘‘झाले की बरेच दिवस. सांगाडा होता तेव्हा.’’ मग त्याचा हात थांबला. ‘‘मी चष्मा लावून दिला आणि तेवढ्यात मला फोन आला. परत आलो तर त्यांनी चष्मा काढून ठेवला होता, पट्टा अगदी नीट गुंडाळून. पाणी मागितलं, आभार मानले आणि गेले. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, ताई. रंग अजून लागायचाय, हेही मी त्यांना सांगितलं नव्हतं.’’

छोटी खुर्चीवर बसली, बहुतेक त्याच खुर्चीवर. कोपऱ्याकोपऱ्यात बघणारा तिचा बाप तिथे एकटा उभा राहिला होता. आवाज नाही, रंग नाही, राखेसारखी पानं आणि बिनचेहऱ्याची माणसं. त्या माणसांत त्यांनी तिला शोधलं असणार. नक्कीच शोधलं असणार. यातली आपली छोटी कुठली, हे त्यांना कसं कळणार होतं? आणि मग त्यांनी बाजारात जाऊन सर्वांत पिवळा स्कार्फ घेतला होता.

त्याच संध्याकाळी ती घरी गेली. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. श्वासाची शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. तिने सगळं समजावून सांगितलं. तो सांगाडा होता, तसं काही तिथे नसतं, रंग नंतर भरतात. अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि हेच वाईट लक्षण होतं.

‘‘मला रंगाचं सांगतेस?’’ शेवटी ते म्हणाले, रागाने नाही. ‘‘अगं, रंगाआधी दिसते ती खरी भिंत. रंग पाहुण्यांसाठी असतो.’’

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून छोटीने फोन काढला. कामाच्या जागी सगळ्यांनी मिळून काढलेला एक फोटो त्यात होता. तो त्यांच्यासमोर धरला आणि धरता धरताच तिला चूक कळली. फोटोत जांभळा उजेड होता. सगळ्या जणी पांढऱ्या टोप्या, पांढरे डगले आणि तोंडावर मास्क लावून उभ्या होत्या.

‘‘यातली तू कुठली?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘ही.’’

त्यांनी फोन जवळ घेऊन बराच वेळ बघितलं. ‘‘एवढंच सांग. तिथे पानं हिरवी दिसतात ना तुला?’’

खोटं बोलायची हीच वेळ होती. पण या माणसाशी खोटं बोलायला छोटी कधी शिकलीच नव्हती. ‘‘वाढीचे दिवे लाल आणि निळे असतात अण्णा. त्या उजेडात पान काळपट दिसतं. पण पॅकिंगच्या खोलीत पांढऱ्या दिव्याखाली आणलं की इतकं हिरवं...’’

‘‘हं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्हणजे हिरवं खाणाऱ्याला. तुला काळंच.’’

‘‘मला आवडतं तिथे. खरंच आवडतं. त्या उजेडाची सवय झालीय मला.’’

‘‘सवय काय, कशाचीही होते,’’ असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायचे तसा. पुढे ती जे बोलली ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आता एकच आशा उरली होती, की पूर्ण झालेलं काम ते बघतील आणि ते पहिलं चित्र पुसलं जाईल. पण त्यातही एक घोळ होता आणि तो छोटीनेच करून ठेवला होता. आधी थोड्या लोकांना बोलावून दाखवलं तेव्हा जांभळा उजेड बघून त्यांनी नाकं मुरडली. यात औषधं मारतात वाटतं, असं म्हणाले. बैठकीत विचार चालला होता आणि छोटी म्हणाली होती, ‘‘पांढराच उजेड ठेवा. हिरवं दिसलं की लोकांना पटतं.’’ चष्मेवाल्याने जांभळा काढून टाकला. माणसांचे मास्कही काढले, हसरे चेहरे लावले.

हॉल उघडला त्या दिवशी गर्दी उसळली. माणसं चष्मा लावून वाकत होती, हवेत हात फिरवत होती, बाहेर येऊन एकमेकांना मुळांबद्दल सांगत होती. प्लास्टिकची पानं म्हणणारी शेजारीण तर भाजी कुठे मिळेल म्हणून विचारायला आली. साहेब खूश, चष्मेवाला खूश. छोटीने अण्णांना हाताला धरून आणलं आणि चष्मा स्वतः लावला. पट्टा कानाला लागू नये म्हणून दोनदा सैल केला.

अण्णा खूप वेळ उभे राहिले. सावकाश वळले, वाकले, मांडणीच्या मागे बघितलं, कोपऱ्यात बघितलं. छोटी त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिचं वय, पगार, हाताखालची माणसं, सगळं त्या दोन ओठांपुढे गळून पडलं होतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि चष्मेवाल्याला म्हणाले, ‘‘हातात कसब आहे बरं का. कुठे जोड दिसत नाही.’’ चष्मेवाला लाजला. छोटीला वाटलं, जमलं.

जिना उतरताना ते कठड्याला धरून थांबले. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘छान रंगवलंय. तो जांभळा उजेडसुद्धा काढून टाकला त्यांनी, नाही का? मी चारचौघांत काही बोललो नाही.’’

उभं आयुष्य लोकांच्या तोंडावर ओल दाखवणारा माणूस पहिल्यांदा गप्प बसला होता, आणि तो तिची लाज राखायला. तो उजेड मीच काढायला लावला, हे छोटीने सांगितलं असतं तर ते आणखीच पक्कं झालं असतं. तिला इतकं वाईट वाटलं की रडूही आलं नाही. रिकाम्या मांडण्या बघायला ते आले असते तर त्यांनी भिंतीवर हात फिरवला असता, चार चुका काढल्या असत्या, आणि बाकीचं सगळं मनाने भरून घेतलं असतं. तिला मात्र सगळं पूर्ण दाखवायचं होतं, आणि त्या नादात बापाने जे अर्धवट बघितलं तेच पूर्ण होऊन बसलं.

नंतर अण्णा शेजाऱ्यांना सांगू लागले, आमच्या छोटीची कामाची जागा फार सुंदर आहे. आई म्हणायची, ऐकलंस का, किती कौतुक करतात. घरातलं झाकून ठेवताना माणूस जसं बोलतो तसं ते बोलत होते, आणि हे फक्त छोटीला ऐकू येत होतं.

थंडी सरता सरता ती सुट्टीला घरी गेली तर जिन्यातच ताज्या रंगाचा वास आला. ती धावतच वर गेली. आई पदराने नाक झाकून दारात उभी होती. ‘‘मी हात टेकले बाई. तुझ्या खोलीचं दार आतून लावून बसले. दोन दिवस ऐकेनात, आत्ता कुठे कडी काढलीय. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, तू मध्ये पडू नकोस.’’

छोटीने दार ढकललं. तिची जुनी खोली चारी बाजूंनी हिरवी झाली होती. खिडकीच्या चौकटीखालीसुद्धा, जिथे कुणाची नजर जात नाही. कपाट ओढून त्यामागची भिंतही रंगवली होती, दोन दोन हात देऊन. अण्णा स्टुलावर बसले होते. गुडघ्यावर ब्रश होता, बोटं हिरवी झाली होती, आणि प्रत्येक श्वास कुठूनतरी लांबून ओढून आणल्यासारखा येत होता.

‘‘अण्णा, हे काय केलंत?’’

‘‘ओरडू नकोस. झालंय आता.’’ ते दम घेत घेत बोलत होते. ‘‘आठवडाभर तिथे काढतेस. सुट्टीला आलीस की डोळ्यांना तेवढंच जरा... खिडक्या उघडल्यात, वास जाईल रात्रीपर्यंत.’’

ती त्यांच्यापाशी खाली बसली. डबे चाळत, पिवळा आणि निळा थोडा थोडा घालत त्यांनी तो रंग स्वतः कालवला असणार. बाजारातल्या तयार हिरव्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तिने भिंतीकडे बघितलं. हिरवा किंचित पिवळ्याकडे झुकला होता. खत कमी पडलेल्या रोपाचं पान असं होतं, आणि असं एक पान दिसलं की ती सगळी पन्हाळ तपासायला लावायची.

‘‘जमलाय का गं?’’ अण्णांनी विचारलं. ‘‘पानाचा हिरवा असाच असतो ना?’’

‘‘अगदी असाच,’’ छोटी म्हणाली.

त्यांनी डोळे बारीक करून भिंत बघितली, मग तिला बघितलं. ‘‘मला जरा पिवळा वाटतोय. पण असू दे,’’ ते म्हणाले आणि रंगाच्या हातानेच त्यांनी तिचा हात थोपटला. ‘‘तुला तरी कुठून आठवणार.’’

आणि मग त्यांना जी खोकल्याची उबळ आली, ती काही केल्या थांबेना.